लेपर्ड गेकोचे रंग आणि त्याच्या पायांखालची जमीन

पाल म्हटली कीं मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती भिंतीवरची, दिव्याभोंवतींचे किडे टिपणारी पाल. ती चुकचुकली म्हणजे कोणाच्या बोलण्याला दुजोरा मिळतो, कोणाच्या मनांत शंका उभी राहते. आणि ती अंगावर पडली तर पंचांगांतल्या पल्लीपतनाच्या कोष्टकाकडे हात वळतो. परंतु पालींच्या विस्तृत गोतावळ्यांत एक शाखा अशी आहे कीं तिच्यांतला प्राणी छतावरून कोणाच्या अंगावर पडणें शक्यच नाहीं. त्याला भिंत चढतां येत नाहीं. घरपालीच्या बोटांखालीं ज्या चिकटणाऱ्या पट्ट्या असतात त्या त्याला नसून नुसतीं नखें आहेत. शिवाय त्याला हालणाऱ्या पापण्या आहेत. घरपालीला डोळा मिटतां येत नाहीं. हा प्राणी मात्र माणसासारखे डोळे मिटून दिवसभर झोंप काढतो. पिंवळ्या अंगावर काळे ठिपके असल्यामुळें इंग्रजींत त्याला लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल, असें म्हणतात. आणि पाळणाऱ्या मंडळींत मराठींतही तेंच इंग्रजी नांव रूढ झालें आहे.

नागपूरच्या दक्षिण अंगाला, विमानतळाला लागून, मिहान नांवाचा जो औद्योगिक प्रदेश उभा राहिला आहे, त्याच्या संदर्भांत या प्राण्याचा विचार करण्यास एक कारण आहे. शिवणगांव, खापरी, दहेगांव, तेल्हारा, कलकुही या खेड्यांच्या शिवारांत जेथें कापूस आणि तूर उभी असे तेथें आतां संगणकाच्या कंपन्या, मालाचीं कोठारें, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें रुग्णालय आणि उंच इमारती आहेत. रात्रपाळी करून सकाळीं झोंपणारा तरुण येथें भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. कुत्र्याला फिरविण्यास त्याला सवड नाहीं. मांजरावर घरमालकाची नजर असते. अशा माणसाला रात्रीं जागणारा, आवाज न करणारा, दोन फूट लांबीच्या कांचेच्या पेटींत मावणारा प्राणी सोयीचा वाटला तर त्यांत नवल नाहीं. (मिहानांत मोठ्या प्राण्यांचीही उणीव नाहीं, २०१९ च्या नोव्हेंबरांत एक वाघ तेथें हिंडून गेला. परंतु तो पाळण्याचा विषय नव्हे.) असा तरुण गेको घ्यावयाचें ठरवितो तेव्हां त्याच्यापुढें पहिल्याच दिवशीं दोन प्रश्न उभे राहतात. विकणारा ज्या रंगाचें नांव सांगतो तो रंग खरोखर तोच आहे काय? आणि पेटीच्या तळाशीं घालावें काय? पहिला प्रश्न पैशाचा दिसतो आणि दुसरा किरकोळ वाटतो. पण दोहोंतही प्राण्याच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे.

या प्राण्याचें शास्त्रीय नांव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. पहिल्या शब्दाचा अर्थ चांगल्या पापण्यांचा, दुसऱ्याचा ठिपकेदार. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइद यांनीं १८५४ सालीं पंजाबांतल्या मिठाच्या डोंगररांगेंतील नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें. ती डोंगररांग आज पाकिस्तानांत आहे. तेथें, अफगाणिस्तानांत आणि लगतच्या कोरड्या मुलखांत तो राहतो. त्याचीं भावंडें मात्र महाराष्ट्रांतही आहेत. पश्चिमेकडे गडद वर्णाचा, या कुळांत आकारानें सर्वांत मोठा असा युब्लेफॅरिस फुस्कस आहे. आणि सातपुड्याच्या डोंगरांतला युब्लेफॅरिस सातपुडाएन्सिस ही वेगळी जात असल्याचें झीशान मिर्झा व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें. म्हणजे ज्या सातपुड्याच्या पायथ्याशीं नागपूरकर सहलीला जातात तेथेंच या विलायती समजल्या जाणाऱ्या प्राण्याचा सख्खा भाऊबंद दगडांच्या फटींतून रात्रीं बाहेर पडत असतो. त्याचा सत्कार बहुधा काठीनेंच होतो. मध्य भारतांत ‘बिसखोपडा’ या नांवाचा एक भयंकर विषारी प्राणी लोकांच्या कल्पनेंत वावरतो, आणि घोरपडीच्या पिलापासून या ठिपकेदार पालीपर्यंत जें सांपडेल त्याला तें नांव चिकटतें. वस्तुतः या पालीला विष नाहीं. पकडली तर ती चावेल, चिमटा बसल्यासारखें होईल, एवढेंच.

आतां रंगांविषयीं. पाळणाऱ्यांच्या भाषेंत निरनिराळ्या रंगरूपांस मॉर्फ म्हणतात. पन्नासांवर नांवें बाजारांत फिरत असतात, आणि नवख्याला तीं ऐकून कापडाच्या दुकानांत शिरल्यासारखें वाटतें. परंतु तीं सारीं नांवें पाठ करण्यापेक्षां कातडींत काय घडतें हें एकदां समजून घेतलें तर निम्मा गोंधळ नाहींसा होतो. या प्राण्याच्या कातडींत मुख्यतः तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. एका प्रकारच्या पेशी काळें रंगद्रव्य बाळगतात, दुसऱ्या पिंवळें, आणि तिसऱ्या रंगच बाळगीत नाहींत. त्यांच्यांत सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन पांढरेपणा किंवा चकाकी दिसते. काळें काढून घेतलें तर एक रूप दिसतें, पिंवळें काढून घेतलें तर दुसरें. आणि ठिपक्यांची मांडणीच पुसली तर तिसरें. बाजारांतलीं बहुतेक नांवें या तीन क्रियांचीं, अथवा त्यांच्या मिश्रणांचीं नांवें आहेत.

ओळख पटविण्याच्या कामीं पहिली अडचण वयाची. अंड्यांतून निघालेल्या सामान्य पिलाच्या अंगावर ठिपके नसतातच. काळे आणि पिंवळे असे रुंद पट्टे असतात. महिन्यामहिन्यानें ते पट्टे फुटत जाऊन त्यांचे ठिपके होतात. जेमतेम बोटाएवढें पिलूं पाहून तें मोठेपणीं कसें दिसेल हें सांगणारा विक्रेता ज्योतिष्याचाच धंदा करीत असतो. ‘हायपो’ म्हणजे पाठीवर दहा किंवा त्याहून कमी ठिपके असलेला, आणि ‘सुपर हायपो’ म्हणजे पाठीवर एकही ठिपका नसलेला, असा पाळणाऱ्यांचा संकेत आहे. पण ही गणती प्राणी पुरता वाढल्यावर, साधारण वर्षाचा झाल्यावर, करावयाची असते. डोक्यावरचेही ठिपके गेले तर त्याला ‘बाल्डी’, म्हणजे टकल्या, म्हणतात. शेंपटीच्या मुळाशीं नारिंगी रंग चढला तर ‘कॅरट टेल’. आणि सर्वांगच नागपुरी संत्र्याच्या वळणावर गेलें तर ‘टँजेरिन’. हे रंग एकाच गुणामुळें येत नाहींत. पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोड्या लावल्यानें ते गडद होत गेलेले आहेत, आणि म्हणून त्यांच्यांत निश्चित सीमारेषा नाहीं. एकाचा टँजेरिन दुसऱ्याला नुसता पिंवळा वाटूं शकतो, आणि दोघांपैकीं कोणी लबाडच असतो असें नाहीं.

याच्या उलट कांहीं रूपें एकेका गुणावर उभीं आहेत, आणि तेथें नेमका निर्णय करतां येतो. ‘मॅक स्नो’ जन्मतः काळा-पांढरा असतो. पट्ट्यांमधल्या जागेंत पिंवळेपणा नसतो. परंतु वाढतांना पिंवळी झांक त्यालाही येते, म्हणून मोठा झालेला मॅक स्नो सामान्य प्राण्यांत मिसळून जातो व बालपणीचें छायाचित्र पुराव्याला लागतें. दोन मॅक स्नोंची जोडी लावली तर सरासरीनें चार पिलांत एक सामान्य, दोन मॅक स्नो आणि एक ‘सुपर स्नो’ निघतें. हा सुपर स्नो ओळखण्यास सोपा: सबंध डोळा काळाभोर, बाहुलीची उभी फट दिसतच नाहीं, आणि अंगावर बारीक ठिपक्यांच्या ओळी. पण नुसता काळा डोळा पाहून निवाडा करूं नये. ‘एक्लिप्स’ नांवाच्या निराळ्या गुणानेंही डोळा असाच भरून येतो. डोळा आणि अंग हीं दोन्हीं मिळून साक्ष देतात.

‘ब्लिझार्ड’ आणि ‘मर्फी पॅटर्नलेस’ हे दोघे बिनठिपक्यांचे. मोठेपणीं यांची अदलाबदल हमखास होते. बालपणीं मात्र संशयाला जागा नाहीं: ब्लिझार्ड अंड्यांतून निघतो तोच कोरा, पांढुरका किंवा करडा, पॅटर्नलेसचें पिलूं डागाळलेलें असतें व ते डाग वाढीबरोबर विरत जातात.

अल्बिनोच्या बाबतींत सर्वांत अधिक फसगत होते. अल्बिनो म्हणजे पांढरा, हा समज माणसावरून आणि उंदरावरून आलेला आहे. या पालींत अल्बिनोपणानें जातो तो काळेपणा. पिंवळा राहतो, आणि काळ्याच्या जागीं तपकिरी किंवा गुलाबी छटा येते. पाळीव अल्बिनोंचे तीन वंश आहेत, आणि ते ज्यांनीं वाढविले त्यांच्या नांवांवरून ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल असे ओळखले जातात. बेलच्या डोळ्यांत लाली अधिक असते, ट्रेम्परच्या डोळ्यांत रुपेरी भूमीवर लाल रेषा, असें सांगतात. पण दिव्याच्या उजेडांत हा भेद अनुभवी डोळ्यालाही चकवितो. आणि येथेंच एक चमत्कार आहे. ट्रेम्परची आणि बेलची जोडी लावली तर दोन्ही मातापिता अल्बिनो असूनही पिलें सामान्य निपजतात. कारण हे तीन दोष तीन निरनिराळ्या जागीं आहेत. बापाकडून आलेली निरोगी प्रत आईकडचा दोष झांकते आणि आईकडची बापाचा. अशा पिलांच्या रक्तांत दोन वंश मिसळलेले असतात व बाहेरून त्याची कांहीं खूण नसते. तीं पुढें विकलीं जातात, त्यांच्यापासून अल्बिनो निघतात, आणि ते कोणत्या वंशाचे हें कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून अल्बिनो विकत घेतांना रंगापेक्षां वंशावळीची चौकशी अधिक महत्त्वाची. जो विक्रेता मातापित्यांचीं छायाचित्रें दाखवीत नाहीं त्याच्या ‘शुद्ध बेल’ला फार तर ‘अल्बिनो’ म्हणावें.

आणखी एक भानगड उष्णतेची. या प्राण्याचीं अंडीं, एका खेपेस बहुधा दोन, ज्या उष्णतेंत उबविलीं जातात तिच्यावर पिलाचें लिंग ठरतें. २६ अंश सेल्सिअसच्या आसपास माद्या अधिक, ३२-३३ च्या आसपास नर अधिक, आणि त्याहून वर ३४-३५ ला पुन्हां माद्या. ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. परंतु तीच उष्णता रंगावरही परिणाम करते हें विकत घेणाऱ्याच्या ध्यानीं येत नाहीं. उबदार अंड्यांतलें पिलूं फिकट निघतें, थंड अंड्यांतलें गडद. थंडाव्यांत उबविलेला ट्रेम्पर अल्बिनो चॉकलेटी दिसतो व त्याला निराळेंच नांव देऊन अधिक दाम मागितला जातो. ही चटक रंगाची नव्हे, तपमानाची. ती पुढच्या पिढींत उतरत नाहीं.

इथपर्यंतच्या गोष्टी फार तर पैशाला खार लावणाऱ्या. पुढच्या दोन तशा नाहींत. ‘एनिग्मा’ नांवाचें एक रूप आहे. विस्कटलेल्या ठिपक्यांचें, दिसावयास मोहक. त्या गुणाबरोबर मज्जासंस्थेचा विकार येतो. प्राणी मान वांकडी करून आकाशाकडे पाहत राहतो, एकाच जागीं गोल गोल फिरतो, समोरच्या किड्यावर झडप घालतो ती बाजूला पडते. कांहींत हें थोडें असतें, कांहींत इतकें कीं खाणें अशक्य होतें; आणि सौम्य मातापित्यांच्या पोटीं तीव्र पिलूं येणार नाहीं याची हमी नाहीं. पुष्कळ पाळणाऱ्यांनीं हा वंश वाढविणें सोडून दिलें आहे. दुसरें रूप ‘लेमन फ्रॉस्ट’. २०१५ च्या सुमारास तें पुढें आलें तेव्हां त्याच्या लिंबासारख्या उजळ पिंवळ्या अंगानें आणि पांढऱ्या झळाळीनें पाळणाऱ्यांना वेड लाविलें. थोड्याच वर्षांत त्या प्राण्यांच्या कातडीवर पांढऱ्या गांठी दिसूं लागल्या. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत या वंशाचा अभ्यास झाला व २०२१ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गुणसूत्रीय बदलामुळें ती झळाळी येते त्यानेंच गांठी येतात. स्फटिक बाळगणाऱ्या त्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी अमर्याद वाढतात. त्या वाढल्या म्हणून अंग चमकतें, आणि त्या थांबत नाहींत म्हणून अर्बुद होतें. संशोधकांचा रोख स्पिंट-१ नांवाच्या जनुकाकडे गेला, आणि त्याचा संबंध माणसाच्या कातडीच्या कर्करोगाशींही असल्यामुळें हा लहानसा प्राणी एकाएकीं वैद्यकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ठरला. हा वंश बाळगणाऱ्या बहुतेक प्राण्यांत गांठी येतातच. आणि मातापिता दोघांकडून तो गुण आलेल्या पिलाची कातडी जाड होऊन डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. येथें सौंदर्य आणि रोग या दोन गोष्टी नाहींतच. एकच गोष्ट आहे. लेमन फ्रॉस्ट स्वस्तांत मिळतो म्हणून घेणाऱ्यानें तो स्वस्त कां झाला हें आधीं विचारावें.

आतां पायांखालच्या जमिनीकडे. दुकानांत या प्राण्याच्या पेटीबरोबर रंगीत वाळूची पिशवी विकण्याची चाल आहे. वाळवंटांतला प्राणी, त्याला वाळू हवीच, असा तर्क त्यामागें असतो. तर्काचा पायाच ठिसूळ आहे. मिठाच्या डोंगरांत किंवा अफगाणिस्तानाच्या उतारांवर वाळूच्या टेंकड्या नाहींत. तेथें खडक आहेत, कडक चिकणमाती आहे, मधून मधून खडी आहे. हा प्राणी घट्ट जमिनीवर चालतो व दगडाखालच्या बिळांत झोंपतो. सैल वाळूंत पाय रुतवीत जाणारें शरीरच त्याचें नव्हे.

सैल वाळूंतला धोका असा: किड्यावर झडप घालतांना प्राण्याच्या तोंडांत वाळू जाते, आंतड्यांत सांचते आणि मलमार्ग कोंदतो. यावर पाळणाऱ्यांत जुनें भांडण आहे. कोणी म्हणतात वाळूचा कण प्राणघातकच. कोणी म्हणतात निरोगी प्राणी चार कण सहज बाहेर टाकतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि त्यांचा मेळ घालणें कठीण नाहीं. आंतडें चालावयास उष्णता लागते, पाणी लागतें आणि चुना लागतो. ज्या प्राण्याच्या पोटाखालची जमीन थंड आहे, जो तहानलेला आहे, ज्याच्या हाडांना चुना कमी पडतो, त्याच्या पोटांत वाळू अडकते. चुना कमी पडलेला प्राणी तर मुद्दाम जमीन चाटतो. म्हणून चुन्याचीच वाळू करून ‘खाल्ली तरी चालते’ अशा जाहिरातीनें विकणें हा या व्यापारांतला सर्वांत वाईट प्रकार होय. ज्याला चुन्याची भूक आहे त्याच्यापुढें ती पसरली म्हणजे तो ती मूठभर खातो, आणि ओल्या चुन्याचा जो गोळा व्हावयाचा तो होतो.

मिहानच्या आसपास कोणत्या वस्तु हाताशीं आहेत आणि त्यांतल्या कोणत्या चालतील, हें पाहूं लागलें तर मोठी मौज आहे. जिकडे तिकडे बांधकामें चालूं असल्यामुळें कन्हानच्या वाळूचे ढीग फुकट मिळण्यासारखे असतात. पण ती इमारतीची वाळू, धारदार व भरड, पेटींत नको. मुरमाला टोकें असतात. शिवारांतली काळी माती ओली झाली कीं पायाला लाडवासारखी चिकटते आणि वाळली कीं भेगाळते. शिवाय ती कपाशीच्या शेतांतली असेल तर वर्षानुवर्षांच्या फवारण्यांचें विष तिच्यांत उतरलेलें असूं शकतें. किड्यांना मारण्यासाठीं शिंपडलेलें तें औषध, किडे खाऊन जगणाऱ्या प्राण्याखालीं पसरणें म्हणजे विचित्रच प्रकार झाला. लांकडाच्या वखारींतला भुसा धुळीचा, तो तोंडांत व नाकांत जातो. देवदार-चिडासारख्या सुगंधी लांकडांचा तर मुळींच नको, त्यांच्या वासांतलीं तेलें सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात. अक्रोडाच्या कवचांचा चुराही दुकानांत मिळतो. त्याच्या कडा आंतड्याला कापतात. हिरवा कृत्रिम गालिचा दिसावयास नीटनेटका, पण त्याच्या धाग्यांत नखें अडकून उपटतात, आणि त्यांत मुरलेली घाण धुतली तरी जात नाहीं.

उरतें काय? साधी फरशी. खडबडीत शहाबादीचा पेटीच्या मापाचा तुकडा कोणत्याही फरशीवाल्याकडे मिळतो. तो वाळूसारखा पोटांत जात नाहीं, खालची ऊब धरून ठेवतो, त्यावर नखें आपोआप घासलीं जातात, आणि पुसला कीं स्वच्छ. गुळगुळीत चकचकीत लादीवर मात्र पाय घसरतात, ती टाळावी. पिलांसाठीं आणि नव्यानें आणलेल्या प्राण्यासाठीं फरशीहूनही कागद बरा: कोरा टिपकागद किंवा जुनें वर्तमानपत्र. कागदाचा मोठा गुण असा कीं त्यावर प्राण्याची विष्ठा स्पष्ट दिसते. ती पातळ आहे, रक्ताळ आहे, कीं नाहींच, हें कळणें पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत महत्त्वाचें. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा आंतड्याचा परजीवी या प्राण्यांत पसरतो आणि त्यानें जाडजूड शेंपूट काडीसारखें वाळतें. वाळूंत ही पहिली सूचनाच पुरली जाते.

प्राणी मोठा, धडधाकट आणि ओळखीचा झाल्यावर ज्याला पेटींत त्याच्या मुलखाचें रूप आणावयाचें असेल त्यानें माती वापरण्यास हरकत नाहीं. पण ती सैल नव्हे. खत व औषध नसलेली, चाळलेली, थोडी चिकण अशी माती दोन भाग आणि बारीक धुतलेली वाळू एक भाग, पाणी घालून मळावी, चार बोटें थर दाबून बसवावा, आणि उन्हांत खडखडीत वाळवावा. सारवलेल्या अंगणासारखी जमीन झाली पाहिजे. विदर्भांतल्या खेड्यांत ज्या हातांनीं ओटे घातले त्यांना हें शिकवावें लागणार नाहीं. त्यावर नखानें ओरखडा निघावा, पण मूठ भरतां येऊं नये.

जमीन आणि उष्णता यांचा संबंध वर आलाच आहे. नागपुरांत तो विशेष जाणवतो. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसरी बाजू २५ च्या आसपास अशी मांडणी हवी, म्हणजे प्राणी आपली सोय आपण पाहतो. जानेवारींत येथें रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं उतरतो. तेव्हां खालून ऊब देणारी विजेची चटई आणि तिला लगाम घालणारें तापनियंत्रक यंत्र, दोन्ही लागतात. लगामाशिवाय चटई लाविली तर पोट भाजतें, कारण या प्राण्याला खालून बसणारा चटका लौकर कळत नाहीं. मे महिन्यांत प्रश्न उलटा होतो. बाहेर ४५ अंश, बंद खोलींत ४० च्या वर. पेटींत थंड कोपरा उरतच नाहीं. रात्रपाळीहून आलेला माणूस कूलर लावून झोंपतो, पण संध्याकाळीं कामावर जातांना तो बंद करतो, आणि तापलेल्या भिंतींच्या खोलींत पेटी तशीच राहते. उन्हाळ्यांत पेटी जमिनीवर, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलींत ठेवावी, चटई काढून टाकावी आणि एका कोपऱ्यांत ओल्या माठाचें खापर पालथें घालावें. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर मात्र पेटी ठेवूं नये. ओलसर वारा अष्टौप्रहर लागला तर कोरड्या मुलखांतल्या प्राण्याच्या फुफ्फुसांना तो मानवत नाहीं.

ओलावा त्याला मुळींच नको असें मात्र नाहीं. कात टाकण्याच्या वेळीं तो अत्यावश्यक आहे. अंग पांढुरकें, धुरकट दिसूं लागलें कीं झांकणाच्या डब्याला भोंक पाडून आंत ओला टिपकागद ठेवावा. प्राणी आपण होऊन त्यांत शिरतो, कात सोडवितो आणि खाऊनही टाकतो. डबा नसेल तर बोटांच्या टोकांवर कातेचीं वळीं राहतात, त्यांचा फास बसतो व बोटें झडतात. बोटें झडलेले गेको दुकानांत पुष्कळ दिसतात. तें त्यांचें जन्मतःचें व्यंग नव्हे.

विकत घेण्यापूर्वीं आणखी एका गोष्टीची खात्री करावी लागते, आणि ती येथें सविस्तर सांगणें भाग आहे. सातपुड्यांतल्या गेकोचें पिलूं आणि परदेशी वंशाचें सामान्य रंगाचें पिलूं यांत नवख्याला फरक दिसत नाहीं. दोघांनाही तेच पट्टे. रानांतून उचललेला प्राणी ‘नॉर्मल मॉर्फ’ म्हणून गळ्यांत बांधला जाणें अशक्य नाहीं. भारतांत वन्य प्राण्यांविषयींचा कायदा १९७२ चा असून २०२२ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली व परदेशी प्राणी बाळगण्याच्या नियमांनाही तींत स्थान मिळालें. कोणता प्राणी कोणत्या अनुसूचींत आहे हें विक्रेत्याला न विचारतां वनखात्याला विचारावें, आणि प्राणी कोठें, कोणाच्या घरीं, कोणत्या जोडीपासून झाला याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत. रंगीत मॉर्फ रानांतून येत नाहीं. म्हणून विचित्र गोष्ट अशी कीं पारखी माणसाला अल्बिनोपेक्षां साध्या ठिपक्यांच्या स्वस्त पिलाचीच अधिक शंका यावी. ज्याच्या अंगावर जुन्या जखमा आहेत, ज्याच्या कातडींत गोचिडी आहेत, जो माणूस दिसतांच शेंपूट ताठ करून ओरडतो, त्याचा जन्म पेटींतला नसण्याचा संभव पुष्कळ.

प्राणी घरीं आल्यावर दर आठवड्याला त्याचें वजन करून लिहून ठेवावें; सोनाराच्या कांट्यासारखा लहान विजेचा कांटा पुरतो. पुरत्या वाढलेल्या प्राण्याचें वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम असतें. दोन आठवडे वजन उतरतच गेलें, शेंपूट बारीक होत गेलें, किंवा खाणें चालूं असून आठ दिवस विष्ठाच नाहीं, पोट फुगून त्यावर निळसर डाग दिसूं लागला, तर घरगुती तेल-एरंडेलाचे प्रयोग न करतां पशुवैद्याकडे जावें. नागपुरांत १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरपटणारे प्राणी पाहणारा वैद्य कोणता, याची चौकशी तेथें आधींच, प्राणी धड असतांनाच, करून ठेवावी. जातांना वजनाचा तो कागद, ताज्या विष्ठेचा नमुना आणि पेटींत काय पसरलें होतें त्याची चिमूटभर पुडी बरोबर न्यावी. वैद्याचा पहिला प्रश्न बहुधा त्या पुडीविषयींच असतो.